बंधाऱ्यावरचा ऊद

आमच्या बंधाऱ्यावर हल्ली लांबलांबून गाड्या येतात. मुरगूडकडून येतात, निपाणीकडून येतात. माणसं उतरतात, नारळ फोडतात, फोटो काढतात, कॅरीबॅग पाण्यात टाकतात आणि पुण्य घेऊन घरी जातात. कुणालाही विचारा, ठिकाण कशाचं? 'जागृत हाय' एवढंच उत्तर. कशानं जागृत झालं ते मला विचारा. मी तिथंच होते.

बंधारा तसा काही मोठा नव्हे. दगडी खांब, त्यांच्यामध्ये गाळे. पाऊस ओसरला की त्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायच्या आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर काढायच्या. बरगे बसले की मागं नदी तुंबते आणि दोन्ही काठांचा ऊस ते पाणी पिऊन बिद्रीच्या साखर कारखान्याला जायला तयार होतो. बांधणाऱ्यांनी एवढाच विचार केला होता. पण तुंबलेल्या पाण्यात मासे थांबले, माशांमागं खंड्या आले, पाणकावळे आले आणि काठाच्या वाळुंजाच्या झाडांच्या मुळांखाली उदांनी बिळं केली. ऊद म्हणजे पाणमांजर. मिशाळ तोंड, चपटी शेपूट, माणसाची चाहूल लागली की डुबकी. पुस्तकात काहीही लिहू देत, आमची पिढी ऊदच म्हणते.

आमच्या मालकांचं आणि उदांचं जन्माचं वैर. जाळ्यातला मासा खायचे तो खायचे, वर जाळंही फाडायचे. हे सकाळी काठावर उभं राहून त्यांना असल्या शिव्या घालायचे की भांगलणीच्या बायकांसमोर मला मान वर करता येत नसे.

मग यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, जीव रमेल असं काहीतरी दाखवत राहा, एखादा शब्द परत येईल. मी टीव्ही लावला, लग्नाचा अल्बम काढला, म्हैस दारात आणून बांधली. ढिम्म. एकदा चाकाच्या खुर्चीवर बसवून सहज बंधाऱ्याकडं नेलं. काठाच्या काळ्या दगडावर उदांचं अख्खं कुटुंब खेकडे फोडत बसलं होतं. यांच्या घशातून आवाज आला, 'उ… उ…' मला तिथंच रडू फुटलं. पुढं शिवीच येणार होती, ठाऊक होतं मला. येऊ दे. नवऱ्याच्या तोंडची शिवी ऐकायला मी रोज सकाळी खुर्ची ढकलायला लागले.

एके दिवशी भावकीतल्या पुतण्यानं तिथं मोटरसायकल थांबवली. पुतण्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. काम काय करतो देव जाणे, मोबाईलवर व्हिडिओ मात्र धडाधड टाकतो. म्हणाला, 'काकी, काकांस्नी रोज हितं का आणतीस?' मी म्हटलं, 'त्या दगडावर ऊद येतो बाबा. त्यानं जरा गुण पडतोय यांना.'

तो खाली उतरला, दगडाजवळ वाकला आणि त्यानं हुंगलं. आता त्या दगडावर ऊद हागतात. नेमानं, सगळं कुटुंब त्याच जागी. माशाची खवलं, खेकड्याची कवचं आणि असा उग्र वास की डोकं उठावं. आमच्या शहाण्यानं डोळे मिटले. 'व्हय की काकी, येतोय वास उदाचा.' मला वाटलं, समजलं पोराला.

काय समजलं होतं? त्याला ऊद ठाऊक तो धुपाटण्यातला, निखाऱ्यावर टाकायचा. मोबाईलवर ऑटर बघून 'क्यूट' म्हणेल, पण घरच्या नदीतला ऊद कधी डोळ्यांनी बघितलेला नाही. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला: नदीच्या दगडातून आपोआप उदाचा वास, अपंग काकांना गुण. आठवडा उलटायच्या आत दगडाला शेंदूर लागला, वर पत्रा चढला, पत्र्यावर कर्णा. गाड्या लावायला जागा हवी म्हणून वाळुंजं तोडली, बिळांवर मुरूम पसरला. असल्या कामाला आमच्या गावात कधी माणूस कमी पडत नाही. शाळेचं कुंपण अजून अर्धं आहे.

मी तरातरा गेले आणि पुतण्याला बाजूला घेऊन ऊद म्हणजे काय ते सांगितलं. 'अरं, हागणदारीला शेंदूर फासलास.' त्याचं तोंड एवढंसं झालं, म्हणजे पक्कं कळलं त्याला. मग इकडंतिकडं बघून म्हणतो कसा, 'काकी, आता बोलू नकोस. पत्रा बसलाय की. लोकांची श्रद्धा हाय.' एवढी त्याची अक्कल. पत्रा बसला म्हणून श्रद्धा बसली. मला त्याचा राग येण्याआधी किळस आली.

ऊद दिसेनासे झाले. मी तरी यांना नेतच राहिले, न जाणो एखादा परतला तर. हे पाण्याकडं बघत बसायचे. घशातला तो आवाजही थांबला.

अमावस्येला तिथं मोठा कार्यक्रम झाला. मी नको नको म्हणत असताना पुतण्यानं यांची खुर्ची ढकलत पुढं नेली, 'ह्यांच्यामुळं ठिकाण कळलं' म्हणून. कुणी कपाळाला अंगारा लावला, कुणी धुपाटणं नाकाखाली धरलं. यांनी धुरातून मान वळवून दगडाकडं बघितलं, मग पाण्याकडं. आणि बोलले.

'ऊद गेलं.'

स्वच्छ, न अडखळता. इतक्या महिन्यांनी यांचा आवाज ऐकला. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला अर्थ कळला होता, मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग त्यानं माईक उचलला.

'काकांस्नी वाचा फुटली. ऊद संपला म्हणत्यात काका. घाला की अजून.'

कुणीतरी निखाऱ्यावर मूठभर ऊद टाकला. एवढा धूर झाला की मला यांचं तोंड दिसेना.

आता माणसं मुकी लेकरं घेऊन येतात, आणि पुतण्या त्यांना आमच्या घराचा पत्ता देतो. लेकरं यांच्यासमोर आणून उभी करतात. हे त्या दिवसानंतर एक शब्द बोललेले नाहीत.