कंदील विझल्यावर

लढाई चालू होती आणि रॉकेल मिळायची मारामार होती, तेव्हाची ही गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो आणि शिरड शहापूरच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. माझ्या वर्गात तेरा ते पंधरा वयाची अकरा पोरं. शाळेपासून दीड कोसावर एका शेतात विहीर खणताना जमिनीखाली दगडी पायऱ्या लागल्या होत्या. मग सरकारी खात्याची माणसं आली, त्यांनी गाळ काढला. आत एकामागं एक तीन खोल्या निघाल्या. कुणी देऊळ म्हणायचं, कुणी मठ. खात्यानं तोंडाला लोखंडी दार बसवलं आणि किल्ली एका म्हाताऱ्या चौकीदाराकडे दिली. आलेल्या-गेलेल्याला आतलं दाखवायचं, हेच त्याचं काम. सगळे त्याला चाचा म्हणायचे.

इतिहासाच्या पुस्तकात पोरांचं मन लागेना, म्हणून हेडमास्तरांची परवानगी काढून एका सकाळी मी त्यांना तिकडे नेलं. पोरं भाकऱ्या बांधून, दंगा करत निघाली होती. दारापाशी आल्यावर आपोआप गप्प झाली. उघड्या दारातून गार हवा येत होती आणि तिला वटवाघळांचा उग्र वास होता.

चाचा लिंबाखाली बसले होते. अंगात खाकी कोट, डोक्याला कपाळावर ओढलेला रुमाल. त्यांनी सलाम केला आणि म्हणाले, "किती जण हायेत?"

"अकरा पोरं, आन मी."

"एकेकानं माज्या हाताखालून जा."

पोरं वाकून एकेक जण आत गेली. चाचा प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत होते. मला ती माया वाटली. काडीपेटी त्यांनी दारातल्या कोनाड्यात ठेवली, पेटलेला कंदील सगळ्यात उंच पोराच्या हातात दिला आणि स्वतः मोकळ्या हातानं पुढं झाले. "सातवी पायरी फुटकी हाय, बराबर बगून," असं म्हणत ते माझ्यापेक्षा भराभर उतरले.

पहिल्या खोलीत काळ्याभोर दगडाचे खांब होते. चाचा एकेका खांबाशी थांबून सांगत होते, हा हत्ती, ही वेल, हा शिंग मोडलेला बोकड. त्यांनी बोट ठेवलं की कंदिलाच्या उजेडात तेच निघायचं. दुसरी खोली लहान होती आणि तिथून तिसरीत जायला एक बोळ होता, इतका अरुंद की मला तिरपं व्हावं लागलं. तिसऱ्या खोलीत देव नव्हता. मधोमध चौकोनी कुंड होतं आणि त्यात काठापर्यंत पाणी. ते इतकं स्थिर होतं की पहिल्यांदा मला ती फरशीच वाटली. "कुंडाला तळ न्हाई म्हनतात," चाचा म्हणाले. "भिंतीला धरून ऱ्हावा."

आम्ही भिंतीला पाठ लावून कुंडाभोवती उभे राहिलो. तेवढ्यात कंदिलाची वात लाल झाली, दोनदा फडफडली आणि गेली.

कुणीच ओरडलं नाही. चाचा काहीतरी बोलतील, म्हणून सगळे थांबलो होतो. आणि चाचा बोललेच, पण आधीच्याच आवाजात.

"आता हितं बगा. ह्या कोपऱ्यात बाई हाय. डोईला फुलं, कमरेला साखळी. हातात आरसा. दिसली का?"

अंधार इतका होता की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कळत नव्हतं. आणि त्या अंधारात ते बाईचा एकेक दागिना सांगत होते. क्षणभर मला वाटलं, उजेड आहे, माझेच डोळे गेलेत.

"दिसली का, पोरंहो?"

"व्हय, चाचा," कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

"आता आरशात बगा. बाईचं तोंड न्हाई त्याच्यात, दुसरंच हाय. कुनाचं हाय, सांगा."

मग तोच पोरगा म्हणाला, "म्हाताऱ्याचं."

"न्हाई. लेकराचं हाय. सगळ्यास्नी दिसतंय, तुलाच काहून म्हाताऱ्याचं..." चाचा मध्येच थांबले. मग त्यांनी विचारलं, "कंदील कोनाकडं हाय?"

"माज्याकडं," उंच पोरगा म्हणाला.

"पेटलेला हाय?"

मीच म्हणालो, "विझलाय, चाचा. मघाशीच."

त्यांचा श्वास मला ऐकू आला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ते डोक्यांना हात का लावत होते ते.

"कुनी पाय उचलू नका," ते म्हणाले. "पुढं पानी हाय. मी येतो तुमच्यापाशी." ते भिंतीनं चाचपत आले, पहिल्या पोराचा हात आपल्या कोटाला लावला आणि म्हणाले, "एकमेकाच्या सदऱ्याला धरा. पाय घासत चला."

सगळ्यात शेवटी मी राहायला हवं होतं. पण माझ्या शेजारच्या पोरानं माझा हात ओढला आणि खरं सांगायचं तर मलाही त्या खोलीतून निघायची घाई झाली होती. माझ्या मागं किती जण आहेत, याचा मी विचार केला नाही.

बोळ, दुसरी खोली, खांब, पायऱ्या. दारात उभं राहून चाचांनी पुन्हा एकेका डोक्याला हात लावला.

"धा," ते म्हणाले.

मी पोरांकडे पाहिलं. व्हय म्हणणारा तो पोरगा नव्हता. मी आत धावलो, तर चाचांनी माझी कॉलर धरली. "तुमी कुंडात जासान, मास्तर. लेकरांपाशी थांबा." आणि ते पुन्हा खाली गेले.

मी वरच्या पायरीवर बसून कान देऊन ऐकत होतो. आधी त्यांची पावलं, मग काहीच नाही. मग चाचांचा आवाज आला, समजूत घातल्यासारखा. ते थांबले की दुसरा आवाज यायचा, मग पुन्हा त्यांचा. शब्द लागत नव्हते. उंच पोरगा माझ्या मागं उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, दुसरा आवाज त्याचा न्हाई."

"आतून आवाज बदलतो," मी म्हणालो. माझाच माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता.

चाचा त्याला हाताला धरून वर घेऊन आले. तो रडत नव्हता. नुसता ओला होता, गुडघ्यापर्यंत. मी त्याला पोटाशी धरलं, मग रागानं गदागदा हलवलं. "मागं काहून राहिलास?"

"तोंड कुनाचं हाय, ते हात लावून बगत व्हतो," तो म्हणाला. "आरसा गार लागला. तोंड गार न्हाई."

"चाचांशी काय बोलत होतास?"

"मी काईच बोललो न्हाई, मास्तर."

पोरं भाकऱ्या न खाताच परत निघाली. त्याआधी चाचांनी मला बाजूला घेतलं आणि रुमाल वर सरकवला. उन्हात दिसलं, दोन्ही बुबुळांवर निळसर साय होती. "तीन साल झाले," ते म्हणाले. "खात्याच्या वहीत लिवू नका. आतलं मला सगळं पाठ हाय."

पाहुण्यांनी शेरा लिहायची ती वही माझ्यापुढं होती. अकरा लेकरं मी आंधळ्या माणसाच्या भरवशावर तळ नसलेल्या पाण्याकाठी उभी केली होती. एकाला त्याच माणसानं परत आणलं होतं. मी लिहिलं, 'कुंडाभोवती रस्सी बांधणे जरुरीचे आहे.' डोळ्यांबद्दल लिहिलं नाही. हे बरोबर केलं का, ते मला अजून सांगता येत नाही.

पोरगा दोन दिवस तापानं फणफणला, मग बरा झाला आणि पुढं चांगला शिकला. मात्र त्या दिवसाचा विषय निघाला की उठून जायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकटाच पुन्हा गेलो, भरलेला कंदील घेऊन. कुंडाभोवती रस्सी होती. चाचांनी मला कोपऱ्यात नेलं. बाई होती, अगदी त्यांनी सांगितली तशी. फुलांच्या पाकळ्या मोजता येत होत्या, साखळीची कडी न् कडी शाबूत होती. मी कंदील आरशाजवळ नेला. आरसा गुळगुळीत होता.

"चाचा, आरशात काहीच नाही."

"हाय की. नोकरीला लागलो तवा म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय. लेकराचं." त्यांनी सवयीनं तळहात आरशावर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि काढला. "हात लावून बगता?"

"उशीर होतोय," मी म्हणालो आणि पुढं होऊन बोळाकडे निघालो. चाचा लगेच आले नाहीत. मी पायऱ्यांशी पोचलो, तेव्हा मागं त्यांचं बोलणं चालू झालं होतं.