दिवसाची वीज, संध्याकाळचं दळण

आमची पिठाची गिरणी गावाबाहेर, येळ्ळूरच्या वाटेला, शेतीपंपाच्या लाईनवर. पूर्वी थ्री-फेज अवेळी यायची. आता सोलर वाढलं म्हणून दिवसा मिळते. चांगलंच झालं की. पण बायका दिवसा शेतात, नाहीतर बेळगावात कामाला. त्या दळण घेऊन येतात दिवेलागणीला, आणि तेव्हा थ्री-फेज गेलेली, गिरणी गप्प.

मी म्हटलं, सकाळी डबे ठेवून जावा. कुणी तयार होईना. दगडात आधीच्याचं पीठ राहतं, म्हणून आमच्यात बाई समोर उभी राहून पहिली मूठ आपल्या हातानं दळते, ते पीठ बाजूला काढते, मग डबा ओतते.

रविवारी जेवायला जावई आले. ते सोलरच्या प्लेटा बसवतात, मला मामी म्हणतात. माझा भाचा कारवारकडं अणुवीज केंद्रात आहे, तोही आलता. दोघांची जुंपली.

"उनाला काय इंधन घालावं लागतंय?" जावई म्हणाले. "एवढी स्वस्त वीज दुसरी न्हाय."

"दिवस मावळला की कुठं जाते ती, दाजी? बॅटरीचा खर्च धरा की त्यात. आमचं यंत्र रात्रंदिवस चालतंय."

"चालतंय. पण उभं राहायला वर्षं किती, व्याज किती? तोवर मामींच्या गिरणीला गंज चढंल."

मी भात वाढत होते. म्हटलं, "दोघांचंबी खरं हाय. संध्याकाळी कुणाच्या विजेवर दळू, तेवढं सांगा." दोघं भात कालवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मागल्या गल्लीतल्या आक्कानं डबा ठेवला. "उपवासाची वरी हाय गं, ध्यान असू दे."

आधी जोंधळा दळलेल्या दगडावर ती दळायची होती, आणि उपवासाला जोंधळ्याचा कणही चालत नाही. मी दुखरे गुडघे टेकून दगड झाडला, एक सोडून दोन मुठी काढल्या. संध्याकाळी आक्कानं पीठ चिमटीत धरून चोळलं.

"पहिली मूठ काढलीस न्हवं?"

"दोन काढल्या."

"काढल्या असतील गं. पर मी बघितलं न्हाय."

पीठ घेऊन गेली. एकादशीला केळी खाऊन राहिली, आणि त्या पिठाचं थालीपीठ पोरांना घातलं. तिला काय बोलणार? तिच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यानंतर एकही डबा आला नाही.

जावयांना फोन करून गिरणीच्या मोटारीला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. ते म्हणाले, "मामी, बॅटऱ्या स्वस्त होतायत. थोडं थांबा की."

"तुम्ही थांबा जावईबापू," म्हटलं. "माझे गुडघे थांबत न्हाईत."