खालच्या दुकानातलं बोलणं

गल्लीत त्याला सगळे पोपट म्हणत, आणि तोही नावाला जागायचा. सलूनच्या खुर्चीत माणूस बसला, मानेला कापड बांधलं, की कात्रीच्या आधी पोपटाची जीभ सुरू. गालावरचा फेस वाळून जाई, पण गोष्ट अर्धी सुटत नसे. केस वाढलेले नसतानाही माणसं बाकावर येऊन बसत, ती काही आरशात तोंड बघायला नव्हे.

दुकानावरच्याच खोलीत त्याची बायको काज-बटणाचं काम करायची. शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे येत. ती खिडकीशी बसून बटणं लावी आणि खालचं हसणं ऐके. फळ्यांच्या जमिनीतून आवाज वर यायचा, शब्द मात्र कळायचे नाहीत. कधी कधी हातातलं काम टाकून ती चक्क जमिनीला कान लावायची. लग्नाच्या नवऱ्याचं बोलणं चोरून ऐकायची वेळ यावी, याहून वाईट काय? चोरूनही ते धड ऐकू येऊ नये, हे त्याहून वाईट.

कारण जिना चढून वर आला की हाच पोपट मुका.

"वाढू?"

"हं."

"मीठ जास्त झालंय का?"

"नाही."

संपलं बोलणं. आधी तिला वाटलं, नवा संसार आहे, बुजत असेल. मग वाटलं, दिवसभर उभा राहून दमत असेल. मुलगी झाली, मोठी होऊन सासरी गेली, तेव्हा तिने मनाशी निकाल लावून टाकला: घरच्यांनी गळ्यात बांधली म्हणून निभावतोय बिचारा, मी काही त्याच्या मनात भरले नाही. एकदा धीर करून ती चहा घेऊन खाली गेली होती. तिला दारात पाहताच तो बोलता बोलता थांबला, गिऱ्हाइकंही गप्प झाली. कप ठेवून ती वर आली, आणि पुन्हा म्हणून त्या दुकानात तिने पाऊल ठेवलं नाही.

माणूस वाईट होता म्हणावं, तर तेही नाही. तिला ताप आला तर दुकान बंद ठेवून उशाशी बसायचा. पण बसायचा घुम्यासारखा.

पुढे तोच अंथरुणाला खिळला. शेवटी शेवटी तिने विचारलंच, "अहो, काही बोलायचंय का माझ्याशी?" तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. मग म्हणाला, "नाही. तू पड जरा." त्याच आठवड्यात तो गेला.

भेटायला शेजारच्या औषधदुकानातला कंपाउंडर आला. रोज संध्याकाळी पोपटाच्या बाकावर बसणारा. "वहिनी, तुम्हाला फार जपायचा हो तो," तो म्हणाला.

"मला? धड दोन शब्द कधी बोलले नाहीत माझ्याशी!"

"अहो, ते तुमच्यासाठीच ना! लग्न ठरताना तुमच्या आत्याने त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं. म्हणाल्या, आमच्या पोरीला बडबड्या माणसाचा तिटकारा आहे, त्यापायी एक स्थळ नाकारलंय तिने. तोंडाला कुलूप लावणार असशील तरच पुढचं बोलू. म्हणून तो सगळं खालीच बोलून रिकामा व्हायचा. म्हणायचा, तिला शांत माणूस हवा होता, तेवढं तरी द्यावं."

तिला आठवलं. ते स्थळ! तो गृहस्थ तिला बघायला आला आणि तिच्या रंगाबद्दल, उंचीबद्दल तोंडावर बोलत सुटला. आत्याला कारण काय सांगायचं, म्हणून ती म्हणाली होती, फार बोलतो तो. त्या एकट्याबद्दल होतं ते. आत्याने ते पुढच्याच्या कानात घातलं आणि त्याने जन्मभर पाळलं. त्याने हिला विचारलं नाही, हिने त्याला विचारलं नाही. धन्य दोघांची!

"भाऊजी," डोळे पुसून ती म्हणाली, "तुम्ही तर रोज ऐकलंत. काय बोलायचे ते? मला सांगा ना. कुठूनही सुरू करा."

कंपाउंडर आठवू लागला. एकदा हसला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"हसून हसून पोट दुखायचं वहिनी, एवढं खरं," तो म्हणाला. "पण काय बोलायचा ते... एकही गोष्ट धड आठवत नाही हो आता."