आई म्हणाली, ओळखत नाही

आई वर्षातून दोनदा यायची, गणपतीला आणि शिमग्याला. गोव्याहून येणारी गाडी तिला संगमेश्वरला हायवेवर सोडायची. मी आणि मावशी तासभर आधीच जाऊन उभ्या राहायचो. ती उतरायची, मला बघून हसायची, पण जवळ घ्यायची नाही. घरी पोचली की आधी न्हाणीत जायची. मावशीने चुलीवर पाणी तापवून ठेवलेलं असायचं. मी दाराशी बसून आत ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत राहायची. एक बादली, दुसरी, तिसरी.

"प्रवासाची धूळ असते गो," मावशी सांगायची.

बाहेर आली की मग मात्र ती मला सोडायची नाही. तीन दिवस मी तिच्या मांडीवर. चौथ्या दिवशी पुन्हा हायवे.

आई हॉटेलात कामाला आहे, एवढंच मला माहीत होतं. वडील बोटीवर होते आणि तिकडेच वारले, असं मावशीने वाडीत सांगितलं होतं. माझे डोळे घारे आहेत. आमच्या जिल्ह्यात घाऱ्या डोळ्यांचं नवल नाही, त्यामुळे परकं माणूस काही विचारत नाही. वाडीत मात्र तसे डोळे दुसऱ्या कुणाचेच नव्हते, आणि बायका माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायच्या.

मी आठवीत असताना आई गणपतीला आली नाही. फोनही लागेना. मी इतकी मागे लागले की दिवाळीच्या सुट्टीत मावशी मला घेऊन गोव्याला निघाली. पत्ता म्हणाल तर आईने एकदा कपडे आणलेल्या पिशवीवर छापलेलं हॉटेलचं नाव. दुपारी आम्ही तिथे पोचलो. दारावरच्या वॉचमनने आम्हा दोघींना खालीवर बघितलं आणि म्हणाला, "इथे नाही. मागच्या गल्लीत विचारा."

गल्लीत ओळीने खोल्या होत्या. दोऱ्यांवर मॅक्सी वाळत होत्या. एक बाई पायरीवर केस विंचरत बसली होती. मला बघताच ती उठलीच. "अगं, तू तिची मुलगी ना? फोटोतली!" माझा शाळेतला फोटो त्या सगळ्या बायकांना पाठ होता. केवढा अभिमान वाटला मला!

आई बाहेर आली आणि तिचा चेहरा पडला. ती खूप वाळली होती. "इथे कशाला आणलंस हिला?" ती मावशीला म्हणाली. आम्हाला तिने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. चप्पल घालून तशीच आम्हाला किनाऱ्यावरच्या एका खाणावळीत घेऊन गेली. तापाने दोन महिने अंथरुणात होते, फोन बिघडला, असं वाटेत सांगत होती. तिने माझ्यासाठी तळलेला बांगडा मागवला आणि समोर बसून एकेक काटा काढून माझ्या ताटात ठेवू लागली. माझ्या मनात आलं, आता सुट्टी संपेपर्यंत इथेच राहायचं.

तेवढ्यात एक माणूस आला. पस्तिशीचा असेल, हाफ पँट, मागे दोन मित्र. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला हाक मारली. ते नाव आईचं नव्हतं. पण तिने वळून पाहिलं.

"काय, ओळखलंस ना?" तो म्हणाला. मराठीच. आमच्या शाळेतल्या सरांसारखं शुद्ध. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. "या कोण?"

आई म्हणाली, "ओळखत नाही. जागा नव्हती म्हणून समोर बसल्यात."

तिच्या बोटांत अजून माझ्या बांगड्याचा तुकडा होता. तो तिने ताटाच्या कडेला ठेवला, हात पुसला आणि त्या माणसाबरोबर निघून गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"जेव," मावशी म्हणाली. "मान वर करू नको."

केस विंचरणारी ती बाई आम्हाला गाडीत बसवून द्यायला आली. बिस्किटांचे पुडे तिने माझ्या मांडीवर ठेवले आणि मावशीला हळूच म्हणाली, "ती म्हणाली, हिला पुन्हा आणू नका."

त्या शिमग्याला आई आली तेव्हा मी मैत्रिणीच्या घरी जाऊन बसले. तिन्ही दिवस. जाताना ती त्या घराच्या कुंपणापर्यंत आली होती म्हणे. मी माळ्यावर होते. पुढे ती वर्षातून एकदा येऊ लागली, मग दोन वर्षांनी. मी मोठी झाले, एसटीत कंडक्टर म्हणून लागले, रत्नागिरीत दोन खोल्या घेतल्या. मावशी गेली तेव्हा आईला कळवायला माझ्याकडे नंबरही नव्हता.

मग एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आईने वाडीतून माझा नंबर मिळवला होता. "येऊ का गो तुझ्याकडे? आता इथे मला कोणी विचारत नाही."

मी स्टँडवर आणायला गेले. उतरली ती बाई मला पटकन ओळखता आली नाही. सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी फुप्फुसं पार खराब झाल्याचं सांगितलं. पण तिला काहीतरी करत राहायचं असायचं. माझी पहाटेची ड्युटी असली की माझ्याआधी उठून डबा भरायची. डब्यात माशाचा तुकडा असला तर त्यात एकही काटा नसायचा. मी तिला कधी आभारासारखं काही बोलले नाही. तिनेही कशाची वाट बघितली नाही.

एका रविवारी मी तिला गणपतीपुळ्याला नेलं. आरे-वारेचं वळण आलं, खाली समुद्र दिसला, तसे सगळे प्रवासी खिडकीकडे सरकले, मोबाइल काढले. आई डोंगराच्या बाजूला बघत राहिली.

"उतरायचं का?" मी विचारलं.

"नको. समुद्र पुष्कळ बघून झाला."

देवळातून बाहेर पडल्यावर सावलीत बसलो, तेव्हा ती आपणहून बोलली. एकोणिसाव्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका बाईने तिला हॉटेलात साफसफाईला म्हणून नेलं होतं. तिथे एक परदेशी माणूस चार महिने खोली घेऊन राहिला. तिच्या हातचं जेवला, तिला मोटरसायकलवरून फिरवलं.

"मला वाटलं, संसारच मांडला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आला तेव्हा तू मांडीवर होतीस. तुझ्यासाठी एक खेळणं दिलं त्याने, आणि दुसऱ्या किनाऱ्यावर राहायला गेला."

"आणि तू?"

"तुला घेऊन गावात कशी येणार? तुला ताईकडे दिलं. मग तो गेला तसे दुसरे यायला लागले. आधी लांबचे, नंतर आपलेच." मग म्हणाली, "वाईट नव्हता गो तो. त्याची सुट्टी होती ती."

मग मी इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं. "त्या दुपारी ओळखत नाही म्हणालीस."

समोर शाळेच्या सहलीची मुलं रांगेने चालली होती.

"माझी मुलगी म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर त्याने तुला नीट बघितलं असतं."

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही.

दीड वर्ष ती माझ्याकडे होती. श्रावणात गेली. तिच्या फोनवरून गल्लीतल्या बायकांना मी कळवलं, तर चौघी मिळून स्पीकरवर रडल्या.

माझ्याबरोबरच्या मैत्रिणी आईला वैतागलेल्या असतात. ड्युटीवर दिवसातून तीनदा फोन येतो, जेवलीस का, पोचलीस का, मीठ कमी घाल, लग्नाचं बघ. त्या डोळे फिरवतात आणि फोन कापतात. मी गाडीच्या पायरीवर उभी राहून ऐकते. एका आईचा कंटाळा यायला किती वर्षं लागत असतील? मला यायला हवा होता तो. तिचं बोलणं नको नको होईपर्यंत मला ती हवी होती.