पलीकडून व्हय

धक्क्याच्या खांबांना कालवं चिकटतात, तसे किस्से माणसाला चिकटतात. मुद्दाम कोणी लावत नाही. खरवडायला गेलं की हात कापतो, म्हणून आमचे तसेच राहिले. सांगतो. मध्ये बोलू नका.

मी दिघीचा. चौथी शिकलो आणि जन्मभर लाँचवर दोर टाकला. बायको गेली, काम सुटलं, आणि मुलानं त्याचा जुना फोन माझ्या हातात दिला. म्हणजे मुलगाही सुटला!

खाडीपलीकडं आगरदांड्याला हसनभाई. आखातात क्रेन चालवून परत आलेला. एक दिवस त्यानं मला इंटरनेटवरचं एक पान पाठवलं. कुठल्याशा देशातला एक माणूस, लोकांनी रस्त्यावर टाकलेल्या खुर्च्यांचे फोटो काढतो. जाहिरात नाही, काही विकत नाही. नुसत्या खुर्च्या!

मी फोन लावला. "ह्याला कामधंदा न्हाय काय?"

"तुला तरी कुठं हाय?" हसनभाई म्हणाला.

सगळ्या खुर्च्या बघून झाल्यावर मी परत फोन लावला. "अजून हाय का असलं?"

*

असा ग्रुप झाला. नाव 'पलीकडं'. माणसं चार. मी, हसनभाई, बोर्लीचा बबन पेंटर, आणि तिथल्याच शाळेतून रिटायर झालेल्या बाई. नियम माझे. रोज प्रत्येकानं एकच नग टाकायचा. कोणी हौसेनं चालवलेलं पान, दुकानाची पाटी, दाराची कडी, काहीही. पण स्वतः हुडकलेलं. देव नको, पुढारी नको. आणि ज्यानं बघितलं त्यानं 'व्हय' लिहायचं.

हे व्हय माझ्या बापाचं. खाडी आत अरुंद होते तिथं तो होडी चालवायचा. अलीकडून माणूस हाळी द्यायचा, "ए पलीकडंऽऽ!" बाप तिकडून ओरडायचा, "व्हय!" तोवर माणूस डोक्यावर बोचकं घेऊन उभा. व्हय आला की मगच खाली बसायचा.

दुसऱ्याच दिवशी बबननं गुलाबाचं फूल टाकलं, वर सुप्रभात! मी त्याला काढून टाकला. तो सायकल मारत दिघीला आला.

"तात्या, तुझ्या दारावरची पाटी मी रंगवली, आणि मलाच काढतोस?"

"गुलाब कोणी रंगवला?"

"तो... कुठून तरी आला."

"मग तू रंगव आणि टाक!"

तणतणत गेला. मी त्याला ग्रुपात परत घेतला. दोन दिवसांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर रंगवलेला गुलाब आला. इतका लाल, की फोनला हात लावायची भीती वाटली. तीन व्हय!

*

मग बाईंनी मला माझं स्वतःचं पान करून दिलं. होड्यांच्या पाठीवरची रंगवलेली नावं, चित्रं, त्यांचे फोटो मी काढायचे आणि बाईंनी खाली लिहायचं. त्यांनी लिहिलं, 'किनारपट्टीच्या लोककलेचा समृद्ध वारसा'.

मी म्हटलं, "बाई, हे खोडा. लिहा, होडीची पाठ. रंग निळा. मालक तापट."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण लिहिलं. आठवड्यानं मालक धक्क्यावर बोंबलत आला. "तापट कोणाला म्हणतोस रे? ये खाली! तंगडं मोडतो तुझं!"

पान खरं बोलतं, हे त्या दिवशी सगळ्या धक्क्याला पटलं.

*

पान बघून अलिबागहून एक पोरगेलासा डेकोरेटर आला. त्याला कुठल्याशा बंगल्यात लावायला बबनच्या हातची पाटी हवी होती. बबननं जीव ओतून रंगवली. पोरगा म्हणतो, "काका, छान आहे, पण जरा घासून द्या ना. जुनी दिसायला हवी."

बबननं त्याच्याकडं बघितलं. "जुनं पायजे तर मला न्या. भिंतीला टेकून बसतो."

पोरगा हसला. बबन हसला नाही. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता.

*

मुलालाही मी रोज एक नग पाठवायचो. तो नवी मुंबईत इंजिनियर. एकदा फोन आला, "बाबा, मीटिंगमध्ये असतो हो मी. बघतो सगळं. अंगठा टाकतो ना!"

अंगठा! मी चौथी शिकलो, तर सही करतो. ह्याला एवढा शिकवला, तर हा अंगठा देतो!

*

मग ग्रुप सुकत गेला. बाई लेकीकडं नागपूरला गेल्या आणि नातवंडांत बुडाल्या. बबनला फोनवरचं दिसेना. उरलो दोघं. मी अलीकडं, हसनभाई पलीकडं.

त्याचा शेवटचा नग दवाखान्यातून आला. बर्फाच्या देशातली एक म्हातारी. तिच्या गावातही खाडी, फेरीबोट. ती रोज धक्क्यावर उभी राहून समोरच्या काठाचा फोटो काढते आणि आपल्या पानावर लावते. रोज तोच काठ!

हसनभाईनं खाली लिहिलं होतं, "तात्या, ही तुझी बहीण. तुझ्याइतकीच खुळी."

तिच्या पानाखाली लिहायला जागा होती. तिची भाषा मला कुठली यायला? मी लिहिलं, 'व्हय'. नावाबरोबर आपलं पानही तिथं जोडता येतं, हे बाईंनी शिकवलं होतं. जोडलं.

आठवड्यात हसनभाई गेला.

जनाज्याला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सवयीनं नग टाकला. व्हय नाही. तिसऱ्या दिवशी टाकला. नाही. अख्खा हिवाळा मी रोज टाकत होतो. मूर्खपणा! मुलाचे अंगठे येत होते. पण अंगठ्याला आवाज नसतो.

*

शिमगा झाल्यावर मी फेरीबोटीनं आगरदांड्याला गेलो. हसनभाई ज्या बाकावर बसायचा तिथं बसवेना. बाकाशेजारी उभा राहिलो आणि आपल्या दिघीचा फोटो काढला. तो बघायचा तशी दिघी. पानावर लावला. खाली एवढंच लिहिलं, 'ए पलीकडं'.

चार दिवस काही नाही.

पाचव्या दिवशी सवयीनं म्हातारीचं पान उघडलं. तोच बर्फाचा काठ. पण पुढं रेलिंगला एक फळी बांधलेली. फळीवर काळ्या रंगानं, चित्र काढावं तशी, आपली दोन अक्षरं. फोटोखालच्या ओळीवर दाबलं, तर माझीच दिघी उघडली.

मी तडक बोर्ली गाठली. बबन ओटीवर बसला होता. त्यानं फोन डोळ्याला चिकटवला, लांब धरला, पुन्हा चिकटवला.

"शिरोरेघ आधी मारलीय येड्यानं! अक्षरं खाली टांगलीत, वाळत घातल्यासारखी. कोणी रंगवलं हे?"

मी सांगितलं.

तो बराच वेळ बोटानं ती रेघ चाचपत राहिला, काचेवरून. मग फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं वर बघून म्हणाला,

"मग उभा का तू? बस की खाली."