पयले काय काढू?

बिघडलेल्या कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी हमीदभाई आतलं आधी काय वाचवायचं ते लिहायला गिऱ्हाइकापुढे कागद सरकवायचे आणि विचारायचे, "पयले काय काढू?" ढाणकीत त्यांचं एवढंसं दुकान होतं. उमर सगळी मोटार वाइंडिंगमध्ये गेलेली. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं, जळक्या मोटारी यायच्या थांबल्या, तेव्हा पन्नाशीत हा माणूस कॉम्प्युटर शिकला. कुणाकडून, तर बिघडलेल्या कॉम्प्युटरकडूनच, असं ते स्वतःच सांगायचे.

"सगळंच काढा" म्हणणाऱ्याला ते चहा पाजून बसवून ठेवत. "मरती डिस्क हाय. एकदा फिरन, दुसऱ्यांदा फिरन का नाई, अल्लाले मालूम. एक सांगा." मग लोक चुळबुळत. आपल्याला नक्की काय हवंय, हे त्यांना इतक्या सरळ कुणी कधी विचारलेलंच नसायचं.

माझा कॉम्प्युटर सुरू होईना, तेव्हा तो मांडीवर घेऊन मी हेडमास्तरांच्या स्कूटरवर मागे बसलो. मी मास्तर, शाळेची निम्मी कामं माझ्या घरच्या त्या डब्यावर व्हायची. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी त्यात होती, म्हणून हेडमास्तर जातीने आले होते. पण त्यातच माझ्या बायकोचा, कुसुमचा आवाज होता. तिला जाऊन आठ महिने झाले होते. लेक अमरावतीला शिकायला गेली, तेव्हा कुसुमने तिच्यासाठी पाटवडीची कृती माइकवर सांगून ठेवली होती. "बेसन घोटताना हात थांबवजो नको," असं लेकीला, आणि शेवटी मला, "आता बंद करा ना ते, मले हासू येऊन राह्यलं." लेकीला ते पाठवायचं राहूनच गेलं. एवढाच तिचा आवाज उरला होता.

हमीदभाईंनी मोटारीच्या बेअरिंगला लावावा तसा डिस्कला कान लावला आणि कागद पुढे केला. "पयले काय काढू, गुरुजी?"

शेजारी हेडमास्तर बसलेले. त्यांच्यादेखत बायकोचा आवाज पहिला लिहायची मला लाज वाटली. मी लिहिलं: १. दहावीची यादी. २. पाटवडी.

दुसऱ्या ओळीवर हमीदभाई थांबले. "हे स्वयंपाकाचं हाय?"

"हो, असंच, घरचं," मी म्हणालो.

यादी निघाली. मग डिस्क दोनदा खट्‌ खट्‌ वाजली आणि गप्प झाली. हमीदभाईंनी तासभर येत होतं ते सगळं करून पाहिलं. मी नुसता बसून होतो. हेडमास्तर म्हणाले, "चला, काम तर झालं." ती यादी हाताने लिहायला फार तर दोन दिवस लागले असते.

चार दिवसांनी मी एकटाच गेलो आणि खरं काय ते सांगितलं. हमीदभाईंनी माझा तो कागद शोधून काढला. मग म्हणाले, "मले काहून नाही सांगतलं, गुरुजी? हेडमास्तरले मी पान आणाले धाडलं असतं." मला रडू कोसळलं. तेव्हा मात्र लाज वाटली नाही.

डिस्क त्यांनी ठेवून घेतली. "थंडीत कधी कधी फिरते," म्हणाले. पुढची चार वर्षं दर हिवाळ्यात त्यांचा सकाळीच फोन यायचा. "आज फिरली होती, गुरुजी. पण बोलली नाई." मी म्हणायचो, राहू द्या आता. आणि पुढच्या थंडीची वाट बघायचो.

पाचव्या हिवाळ्यात फोन आला नाही. गेलो तर दुकानाला कुलूप. दिवाळीनंतर ते झोपेतच गेले होते. घरी भाभींनी फडक्यात गुंडाळलेली डिस्क माझ्या हातात दिली. "गुरुजींचीच हाय, कोणाले देजो नको, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी." फडक्यात माझाच कागद होता. पहिली ओळ त्यांनी खोडली होती आणि पाटवडीआधीचा २ खोडून १ केला होता.

ती डिस्क मी यवतमाळला दाखवली, नागपूरला दाखवली. तिथे नाव आणि फोन नंबर लिहून घेतात. पहिलं काय काढू, असं कुणी विचारत नाही. आता विचारलं असतं, तर मी चारचौघांत सांगितलं असतं.