मोहाखालची फौज

कृषी कॉलेजातून सहा महिने आमच्या गावात शेती शिकायला आलेली ती पोरगी दिवसभर धानाचे फुटवे मोजायची आणि पाच वाजले की शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली मोबाइलवर गेम खेळायची. नेट तिथंच लागायचं. कानात हेडफोन, आणि नागपुरातल्या टीमला हुकूम, "तू डावीकडून जा. मी मागून येते."

माझी आई म्हणायची, "पोरगी गुणाची आहे, पन एकटीच कोनासंग बोलून राह्यली?"

एकदा तिची फायनल रंगात आली असताना माझ्या लोंबीवर आलेल्या धानात रानडुकरं घुसली. आम्ही काठ्या घेऊन नुसतेच ओरडत होतो. तिनं हेडफोनसकट मोबाइल आईकडे दिला आणि धुऱ्यावर उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही नाल्याकडून या. जंगलाकडची वाट मोकळी ठेवा. पळू नका, सगळे एका रांगेत चाला."

पाच मिनिटांत कळप जंगलात गेला. वळून पाहतो तर आई हेडफोन लावून नागपूरच्या पोरांना झापत होती, "पोट्टेहो, उभे काऊन आहा? डावीकडून जा ना."

टीम फायनल हरली. पोरगी पोट धरून हसत होती.

ती कॉलेजात परत गेली, पण पाच वाजता माझा मोबाइल आता माझ्याकडे नसतो. मोहाखालून आईचा आवाज येतो, "बाई, तू हो समोर. मी मागून येतो."